मांजराचे दुखणे ओळखावे कसे?

गाय आजारी पडली की रवंथ थांबवते. कुत्रे कण्हते, धन्याच्या पायाशी येऊन पडते, दुखरा पाय उचलून दाखविते. त्यामुळे गुरे आणि कुत्री पाळणाऱ्यांना त्यांचे दुखणे निदान वेळेवर कळते तरी. मांजराची तऱ्हा निराळी. दुखणे जितके मोठे, तितके मांजर अधिक गप्प होते. आणि ज्या घरात ते वर्षानुवर्षे वावरत असते, त्या घरच्या मंडळींना पुष्कळदा त्याच्या आजाराची वार्ता अखेरच्या एकदोन दिवसांत लागते. मग पशुवैद्यापुढे उद्गार निघतात, "परवापर्यंत अगदी धडधाकट होते हो!" हे उद्गार खोटे नसतात, पण पुरते खरेही नसतात. मांजर परवापर्यंत धडधाकट दिसत होते, एवढाच त्यांचा अर्थ.

ही लपवाछपवी मांजराच्या रक्तातच आहे. घरोघरी वावरणारे मांजर पश्चिम आशियातील रानमांजराचे वंशज होय, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने स्पष्ट केले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनस्थळी माणसाच्या शेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. म्हणजे हा सहवास काही कालपरवाचा नव्हे. परंतु धान्याच्या कोठारातील उंदरांच्या लोभाने माणसाजवळ आलेल्या या प्राण्याने आपला मूळ स्वभाव फारसा सोडला नाही. कुत्र्याचे पूर्वज लांडगे. ते टोळीने राहतात, आणि टोळीत कण्हणाऱ्याकडे कोणी तरी वळून पाहते. रानमांजर एकटे राहते आणि एकटेच शिकार करते. शिवाय उंदराचा काळ असलेले हे जनावर स्वतः मोठ्या श्वापदांचे व शिकारी पक्ष्यांचे भक्ष्य ठरू शकते. लंगडताना किंवा कण्हताना दिसणे त्याला परवडण्यासारखे नव्हते. आपल्या घरातील गादीवर लोळणाऱ्या मांजराला असा कोणी शत्रू उरलेला नाही. पण ही गोष्ट त्याला सांगणार कोण?

यातूनच खरी अडचण उभी राहते. मांजराच्या आजाराला लक्षणे नसतात असे नाही. ती असतात, पण आजारासारखी दिसत नाहीत. ती स्वभावासारखी दिसतात. अंगावर उड्या मारणारे मांजर एका जागी बसू लागले, की ते आता पोक्त झाले म्हणून घरात कौतुक होते. कपाटामागे जाऊन बसले, तर ते रुसले. वाटीभर पाणी पिऊ लागले, तर उन्हाळा वाढला. गादीवर लघवी केली, तर ते द्वाड झाले. म्हातारे मांजर दुपटीने खाऊन घरभर धावू लागले, तर काय, त्याला पुन्हा तारुण्य आले! यातील प्रत्येक गोष्ट आजाराची खूण असू शकते, आणि प्रत्येकीला घरात एक गोड किंवा कडू नाव आधीच तयार असते.

म्हणून मांजराचा आजार ओळखण्याची पहिली अट म्हणजे त्याचे निरोगीपण ओळखणे. आपले मांजर रोज कोठे झोपते, सकाळी किती वाजता पायात घोटाळते, केवढ्या उंचीवर एका झेपेत चढते, ताटलीतले किती ठेवते, हे घरातील एका तरी माणसाच्या डोळ्यांखालून गेलेले असावे. मांजरामांजरांची तुलना येथे उपयोगी पडत नाही. एक मांजर जन्मतःच भिडस्त असते, दुसरे वाटेल त्या पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसते. भिडस्त मांजर पलंगाखाली गेले तर त्यात नवल नाही; पण मांडीवर बसणारे पलंगाखाली गेले आणि दुसऱ्या दिवशीही बाहेर आले नाही, तर ते रुसलेले नाही, आजारी आहे असे समजून चालावे. मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते म्हणतात. तान्ह्या पिल्लांसाठी जो आडोसा ते शोधते, तोच आडोसा ते दुखण्यातही शोधते.

उड्यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. पूर्वी जमिनीवरून थेट कपाटाच्या माथ्यावर जाणारे मांजर पुढे आधी खुर्चीवर, मग टेबलावर आणि मग कपाटावर जाऊ लागते. आणखी काही महिन्यांनी ते कपाटाचा नाद सोडते. हे सारे इतके हळू घडते की कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि मांजर लंगडत नसल्यामुळे सांध्यांची शंका येत नाही. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारा वर्षांवरील १०० मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली गेली. त्यांपैकी ९० मांजरांच्या सांध्यांत झीज आढळली. म्हातारपण हा रोग नव्हे, हे खरे. पण म्हातारपणाच्या नावाखाली पुष्कळ वेदना निमूटपणे सोसल्या जातात. सांधेदुखीवर आज मांजरांसाठी स्वतंत्र औषधे मिळतात, आणि उंच जागेच्या खाली एक पाट किंवा लहान पेटी ठेवण्याला तर औषधही लागत नाही.

अंगाची निगा हीदेखील बोलकी खूण होय. जागेपणीचा बराच काळ मांजर स्वतःला चाटण्यात घालवते. ते काम थांबले की अंगावरची लव निस्तेज होते, पाठीवर केसांचे गुंते दिसू लागतात, शेपटीच्या मुळाशी कोंडा साठतो. याच्या उलट एकच जागा चाटून चाटून उघडी केली असेल, तर त्या जागी खाज तरी आहे किंवा आत दुखते तरी आहे. पोटाचा खालचा भाग असा चाटणाऱ्या मांजराच्या मूत्राशयाकडे पशुवैद्याचे लक्ष प्रथम जाते.

चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक रीत कॅनडातील मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी बसविली आणि ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत पाच गोष्टी पाहावयाच्या. कान ताठ आहेत की बाजूंना फाकून खाली वळले आहेत. डोळे उघडे आहेत की किलकिले. तोंडाचा पुढला भाग सैल व गोल आहे की आवळलेला. मिशा सैलपणे वळलेल्या आहेत की ताणून सरळ झालेल्या. आणि डोके खांद्यांच्या वर आहे की खाली झुकलेले. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन असे गुण देतात. दहांपैकी चार किंवा त्याहून अधिक गुण झाले, तर वेदनेवर उपचाराची गरज आहे असे मानतात. मांजर झोपलेले, खाणारे किंवा अंग चाटणारे असताना ही परीक्षा करू नये; जागे आणि स्वस्थ बसलेले असताना काही क्षण दुरून पाहावे.

येथे एका गोड गैरसमजाचा निरास करणे भाग आहे. मांजर घुरघुरते म्हणजे ते सुखात आहे, ही समजूत सर्वत्र आहे आणि एरवी ती खरीही आहे. परंतु जखमी मांजर, प्रसूत होणारी भाटी, एवढेच काय पण मरणोन्मुख मांजरही घुरघुरते. तेव्हा अन्न सोडून कोपऱ्यात बसलेले मांजर हात फिरवताच घुरघुरू लागले, तर तेवढ्यावरून निश्चिंत होऊ नये.

आता अन्नाविषयी. आपल्याकडे तापात आणि अपचनात लंघन हे मोठे औषध मानले आहे. माणसाचे काय व्हावयाचे ते होवो; मांजराला मात्र हे औषध विषासारखे आहे. मांजराचे अन्न बंद झाले की अंगावरची चरबी यकृताकडे वाहू लागते. तिचा निचरा करण्याची मांजराच्या यकृताची शक्ती तोकडी असल्याने ते चरबीने भरून जाते आणि आपले काम सोडते. मग कावीळ होते, आणि कावीळ झालेले मांजर अन्नाला शिवत नाही. असा हा फेरा अवघ्या दोनचार दिवसांच्या उपवासाने सुरू होऊ शकतो, आणि गुबगुबीत मांजराला त्याचा धोका सर्वांत अधिक. ज्याच्या अंगावर साठा आहे त्याला चार दिवस न खाल्ल्याने काय होते, हा हिशेब येथे नेमका उलटा आहे. मोठ्या मांजराने एक पुरा दिवस काही खाल्ले नाही तर पशुवैद्याला विचारावे. दोन दिवस खाल्ले नाही तर मांजर घेऊनच जावे. लहान पिल्लाच्या बाबतीत अर्धा दिवसही फार होतो. कित्येकदा सर्दीने नाक चोंदल्यामुळे अन्नाचा वास येत नाही आणि वासावाचून मांजर खात नाही. अशा वेळी कोमट केलेला मासा पुढे ठेवून पाहण्यास हरकत नाही. मात्र ताटलीजवळ उत्सुकतेने येऊन, एक घास उचलून तो टाकून देणाऱ्या मांजराच्या तोंडात डोकवावे. हिरड्या लालभडक, तोंडाला दुर्गंधी, एका बाजूने चघळणे, लाळ, यांचा अर्थ दातांचे दुखणे.

अन्नाच्या ओघात दूधपोळीचाही विचार केला पाहिजे. मांजर हे पूर्णपणे मांसाहारी जनावर आहे. मांसात व माशांत आढळणारे टॉरीन नावाचे द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास मांजराच्या हृदयाचे स्नायू दुबळे होतात आणि ते पुरविल्यास पुष्कळदा सुधारतात, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिले. टॉरीनच्या अभावी दृष्टीही जाते. इंदूर-ग्वाल्हेरकडील जुन्या वाड्यातील मांजर दूधपोळीवर जगते असे घरच्यांना वाटे. वास्तविक ते जगत असे माळ्यावरच्या उंदरांवर. तेच मांजर तिसऱ्या मजल्यावरील बंद घरात आले की माळा गेला, उंदीर गेले, आणि दूधपोळी तेवढी उरली. मग ते दमू लागते, अंधारात ठेचकाळू लागते. शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि त्यांचे पातळ शौच हा रोग नसून न्याहारीचा परिणाम असतो. शाकाहारी घरात मांजर पाळावयाचे झाल्यास त्याच्यासाठी तयार मिळणारे परिपूर्ण अन्न आणणे हा मार्ग आज मोकळा आहे.

पाणी आणि लघवी यांकडे घरोघरी सर्वांत कमी लक्ष असते, आणि जीव वाचतो किंवा जातो तो बहुधा येथेच. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशांतले. थोड्या पाण्यावर भागविणे आणि दाट लघवी करणे हा त्यांचा धर्म. म्हणून चार किलो वजनाचे मांजर रोज पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटरहून अधिक पाणी पिऊ लागले, न्हाणीघरातील बादलीशी घुटमळू लागले, तर त्याची चौकशी करावी. मूत्रपिंडांचा विकार, मधुमेह, गळ्यातील अवटुग्रंथीचा अतिरेक, या तिन्हींची सुरुवात अशी होऊ शकते. मूत्रपिंडांचे सुमारे दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून काही दिसत नाही आणि त्यानंतर प्रथम दिसते ते हे पाणी पिणे. अवटुग्रंथीच्या विकाराचा उल्लेख वर येऊन गेला. म्हातारपणी तारुण्य आलेले, खूप खाणारे आणि तरीही वाळत जाणारे मांजर ते हेच.

याहून तातडीची गोष्ट बोक्यांची. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी अतिशय अरुंद असते. लघवीतील खड्यांचे बारीक कण आणि चिकट स्राव यांचे बूच तेथे बसले, की लघवी अडते. घरातच राहणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या, सुस्त व लठ्ठ बोक्यांत हे अधिक घडते. बोका वाळूच्या पेटीत जाऊन बसतो, जोर करतो, उठतो, पुन्हा बसतो. थेंबभर पडते किंवा तेही पडत नाही. तो वारंवार लघवीची जागा चाटतो, एखादे वेळी चमत्कारिक स्वरात ओरडतो. घरच्यांना वाटते, त्याला शौचास होत नाही. कोणी एरंडेल पाजतो, कोणी तूप चाटवितो, आणि उद्या पाहू म्हणून दिवा मालवला जातो. तिकडे मूत्राशय तट्ट फुगते, मूत्रपिंडांचे काम थांबते, रक्तातील पोटॅशियम वाढत जाते आणि त्याने हृदयाची गती बिघडते. पुढे ओकाऱ्या होतात, अंग गार पडते आणि एकदोन दिवसांत खेळ आटोपतो. हेच मांजर त्याच रात्री पशुवैद्याकडे गेले असते, तर भूल देऊन बारीक नळीने मार्ग मोकळा करता आला असता, आणि बहुतेक बोके त्यातून उठतात. म्हणून बोका लघवीला बसतो आणि होत नाही, एवढे दिसताच सकाळची वाट पाहू नये. पोटाला लागणारा टणक गोळा दाबूनही पाहू नये. मूत्राशय फुटण्याचे भय असते.

गादीवर किंवा चुलीपाशी लघवी करणाऱ्या मांजराला सरसकट मार बसतो. पेटीत लघवी करताना आग झाली, तर मांजर दोष पेटीला देते आणि दुसरी मऊ जागा शोधते. त्यात सूड नसतो. लघवीत रक्ताची लाली आहे काय हे पांढऱ्या चादरीवर चटकन कळते. तेवढ्यापुरता तो गुन्हा उपकारकच म्हणावयाचा. गोव्याकडील कौलारू घरांत आणि बेळगावकडील परसांत मांजरे बाहेर जाऊन येतात, तेथे या खुणा दिसतच नाहीत. अशा घरी संशय आलेल्या मांजराला एक दिवस खोलीत, वाळूच्या घमेल्यासह कोंडून ठेवणे हाच उपाय.

श्वासाविषयी थोडक्यात. झोपलेल्या मांजराच्या कुशीची हालचाल मिनिटाला तिसांच्या आत असावी. ती वरचेवर तिसांच्या वर जात असेल तर हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार संभवतो. कुत्रे तोंड उघडून धापा टाकते, ते स्वाभाविक असते. मांजर स्वस्थ बसले असता तसे करू लागले, तर तो जीवावरचा प्रसंग समजावा. तसेच मागचे पाय एकाएकी लुळे पडून गार लागू लागले आणि मांजर आक्रोश करू लागले, तर गाडीचा धक्का किंवा साप यांचाच शोध घेत बसू नये. हृदयात झालेली रक्ताची गुठळी पायांच्या धमनीत अडकूनही हे होते.

महिन्यातून एकदा केसांचा गोळा ओकून टाकणारे मांजर आजारी नव्हे. एका दिवसात तीनचार ओकाऱ्या, किंवा ओकारीबरोबर अन्नावरची वासना जाणे, हे निराळे. लस न टोचलेल्या पिल्लाला ओकाऱ्या, जुलाब आणि ग्लानी एकदम आली, तर पॅनल्यूकोपेनिया हा प्राणघातक साथीचा रोग असू शकतो. त्यात एकेक तास मोलाचा असतो. शांत मांजर अकारण चवताळून चावू लागले, त्याचा आवाज बदलला, लाळ गळू लागली, तर त्याच्या तोंडात हात घालून काय अडकले ते पाहू नये. अलर्क रोग मांजरालाही होतो. चावा बसला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस घ्यावी.

आजार ओळखता आला म्हणजे औषध देता आले असे नव्हे, आणि येथे घरातील प्रेमळ माणसेच घात करतात. मांजराचे अंग गरम लागते म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधात चुरून दिली जाते. हे औषध निरुपद्रवी करणारी रासायनिक क्रिया मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा प्राण घेण्यास पुरते. अर्धीही सुरक्षित नाही. काही तासांत हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड व पंजे सुजतात, श्वास लागतो. अशी गोळी पोटात गेल्याचे कळताच लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला गाठावे, कारण वेळेवर दिल्यास तिच्यावर उतारा आहे. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारी परमेथ्रिनयुक्त औषधे मांजराच्या अंगावर टाकल्यास त्याला झटके येतात. फरशी फिनेलने पुसली जाते, मांजर तीवरून चालते आणि मग पंजे चाटते. फिनेल मांजराला विषारी असते, म्हणून मांजराच्या घरात ते वापरूच नये. फुलदाणीतील लिलीची फुले तर मांजराच्या घरात आणूच नयेत. तिचे पान, पराग, किंबहुना फुलदाणीतील पाणीदेखील मांजराच्या मूत्रपिंडांचा नाश करते. घरातील माणूस अधूनमधून आजारी पडतोच. त्याच्या औषधांची पेटी मांजराच्या वाट्याची नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.

मांजराचे दर महिन्याला वजन करणे ही फार स्वस्त आणि फार उपयुक्त सवय आहे. आधी माणसाने एकट्याने काट्यावर उभे राहावे, मग मांजर कडेवर घेऊन. दोन्हींतील फरक हे मांजराचे वजन. चार किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम कमी झाले तर लवेखाली ते दिसत नाही. परंतु साठ किलोच्या माणसाचे सहा किलो उतरण्यासारखेच ते होय. पशुवैद्याकडे जाताना शेवटचे कधी खाल्ले, लघवी व शौच कधी झाले, ओकारी किती वेळा झाली, घरातले कोणते औषध पोटात गेले, हे कागदावर लिहून न्यावे. घरी खोकणारे किंवा अडखळणारे मांजर दवाखान्यात भीतीने अगदी धड वागते, म्हणून त्या वेळचे चित्रण मोबाइलवर करून ठेवल्यास वैद्याचे काम सोपे होते. मांजराला हातातून नेऊ नये. झाकणाची टोपली घ्यावी. ती दोनचार दिवस आधीपासून घरात उघडी ठेवून आत त्याचे रोजचे फडके घातलेले असावे, म्हणजे ऐन वेळी ओढाताण होत नाही.

घरात दुसरे मांजर असेल तर परत आल्यावर एक गमतीची गोष्ट घडते. दवाखान्याच्या वासामुळे ते आपल्या सोबत्याला ओळखतच नाही, त्याच्यावर फिस्कारते, प्रसंगी पंजाही मारते. हे मात्र कोणत्याही आजाराचे लक्षण नव्हे. बऱ्या होऊ लागलेल्या मांजराला एक दिवस निराळ्या खोलीत, जुन्या फडक्यावर झोपू द्यावे. अंगाला घरचा वास चढला की फिस्कारणे आपोआप थांबते.